दारात पाण्याचा डिस्पेन्सर असलेला फ्रिज : आतल्या फिल्टरबद्दल शोरूममधे सांगत नाहीत ते

साइड बाय साइड फ्रिज, दारात पाणी आणि बर्फ येणारा, पाण्याच्या लाइनला जोडलेला आणि आत फिल्टर असलेला, असा आमच्याकडे पुण्यात धायरीला आहे आणि तसाच माझ्या भावाकडे मुलुंडला आहे. दोन्हीकडची देखभाल थोडीफार माझ्याच गळ्यात असते त्यामुळे ओळखीतले सगळे विचारतात की घ्यावा का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण जे सांगायचंय ते जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या अशा फ्रिजला लागू आहे, आणि फ्रिज म्हणून तो चांगलाच आहे. भाज्या टिकतात, जागा भरपूर आहे, आवाज कमी आहे. फ्रिजचा भाग ३ ला आणि फ्रीजर उणे १८ ला ठेवलाय, बास, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

प्रश्न पाण्याचा आहे. शोरूममधे दारातून गारेगार ग्लास भरून देतात आणि म्हणतात, मॅडम यात इनबिल्ट फिल्टर आहे, आता घरचा आरओ काढून टाका. कृपया हे ऐकून आरओ काढू नका. निदान तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते बघितल्याशिवाय तरी नाहीच.

फ्रिजच्या आत जे कार्ट्रिज असतं ते म्हणजे कार्बन ब्लॉक, ॲक्टिव्हेटेड कार्बनची भुकटी दाबून केलेलं नळकांडं. त्यातून पाणी जाताना क्लोरीन, क्लोरीनचा तो स्विमिंग पूलसारखा वास, गंजाचे मातीचे बारीक कण हे सगळं अडकतं आणि पाण्याला चव छान येते, हे खरंच येते, खोटं नाही. चांगल्या कार्ट्रिजवर किंवा त्याच्या कागदावर एनएसएफ (फिल्टर तपासून प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था) ४२, ५३ असे नंबर असतात. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे आरोग्याशी संबंधित गोष्टी, उदाहरणार्थ शिसं, किंवा जिआर्डिया क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंच्या सिस्ट, म्हणजे त्यांची कवचबंद रूपं. काहींवर ४०१ पण असतं, ते औषधांचे वगैरे अगदी सूक्ष्म अंश कमी करण्यासाठीचं आहे. पण ५३ लिहिलंय म्हणजे त्या यादीतलं सगळंच निघतं असं नसतं हं, त्या मॉडेलची टेस्ट नेमकी कशाकशासाठी झालीये ते कागदावर वेगळं लिहिलेलं असतं, तो कागद फेकू नका, वाचा.

आता काय होत नाही ते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कमी होत नाही. पाण्याचा जडपणा जात नाही. विरघळलेले क्षार कार्बनमधून जसेच्या तसे पलीकडे जातात. त्यामुळे कोणी टीडीएस मीटर घेऊन फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं आणि आकडा सारखाच आला तर फिल्टर खराब झालाय असं समजू नका, तो नवा कोरा असला तरी आकडा तेवढाच येणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅक्टेरिया आणि व्हायरस यांच्यासाठी हा फिल्टर बनवलेलाच नाही. सिस्ट ४-५ मायक्रॉनच्या आणि त्याहून मोठ्या असतात म्हणून अडकतात, बॅक्टेरिया त्याहून कितीतरी बारीक आणि व्हायरस तर विचारूच नका. जवळपास प्रत्येक फिल्टरच्या कागदावर बारीक अक्षरात एक वाक्य असतं की जंतूंच्या दृष्टीनं असुरक्षित किंवा ज्याचा दर्जा माहीत नाही असं पाणी आधी किंवा नंतर निर्जंतुक केल्याशिवाय यात वापरू नये. हे कंपनी स्वतः लिहून देते आणि शोरूममधे नेमकं हेच कोणी बोलत नाही, मला याचाच राग येतो.

आम्ही राहतो त्या भागात हा काही पुस्तकी मुद्दा नाही. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सिंहगड रोड या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट एकदम वाढले होते. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया सापडला होता, पाण्यावर संशय होता, आणि पाणी उकळून प्या असं सगळीकडे सांगत होते. त्या महिन्यात घरोघरी पातेली चढली होती. अशा वेळी कोणी दारातला नळ दाबून निर्धास्त पाणी पीत असेल की आत फिल्टर आहे ना, तर ते धोक्याचं आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, महापालिका पाण्यात क्लोरीन टाकते ते जंतू मारायलाच टाकते, कार्बन फिल्टर ते क्लोरीनच काढून घेतो, मग पुढे फ्रिजच्या आतल्या छोट्या टाकीत आणि दारापर्यंतच्या नळीत जे पाणी साचून राहतं त्याला काही संरक्षणच राहत नाही. म्हणून फिल्टर वेळेवर बदलणं आणि पाणी फिरतं ठेवणं दोन्ही लागतं.

मुळात ही सोय अमेरिकेसारख्या ठिकाणी रुळलेली आहे. माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिच्याकडे नळाचं पाणी थेट पिण्यायोग्य असतं, चोवीस तास प्रेशरनं येतं, गच्चीवर टाकी नाही, टँकर नाही. तिथे फ्रिजच्या फिल्टरचं काम फक्त क्लोरीनचा वास घालवून पाणी चवदार करणं एवढंच, आणि ते काम तो उत्तम करतो. आपल्याकडे तेच पाणी धरणातून शुद्धीकरण केंद्र, तिथून सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची टाकी, मधे कधी टँकर कधी बोअर, असं फिरत फिरत येतं. केंद्रातून निघालेलं पाणी चांगलं असलं तरी टाकी शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरीला विचारा एकदा.

आता टीडीएसचं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी आलं की टीडीएस अगदी कमी असतो, खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ आहे. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की तोच आकडा सहाशेच्या वर जातो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत परवानगी आहे. जडपणाचे आकडे २०० आणि ६००. म्हणजे सहाशे टीडीएसचं पाणी लगेच विष नाही, पण फ्रिजला ते आवडत नाही. बर्फ पांढरट होतो, वितळला की ग्लासच्या तळाशी पांढरी पावडर दिसते, ती क्षारांचीच, गोठताना पाणी क्षार बाहेर ढकलतं म्हणून ती दिसायला लागते. पिऊन काही होत नाही पण पाहुण्यांसमोर सरबतात ती तरंगली की सांगत बसावं लागतं. खरा त्रास मागच्या व्हॉल्वला. फ्रिजच्या मागे पाणी सोडणारा बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व असतो, त्यात क्षार बसले की तो नीट बंद होत नाही, मग थेंब थेंब गळत राहतं आणि फरशी ओली का हे कळेपर्यंत कॅबिनेटचा प्लायवूड फुगलेला असतो.

प्रेशरचा मुद्दा तर कोणीच सांगत नाही आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त नडतो. या फ्रिजना साधारण २० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर प्रेशर लागतं. गच्चीवरच्या टाकीपासून १० मीटर खाली आलात तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआयच्या आसपास मिळतं. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकीच्या पातळीपासून १४ मीटर खाली असायला हवं, चार-पाच मजले. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना ते मिळणारच नाही. आमचा वरून दुसरा मजला. फ्रिज बसवायला आलेल्या मुलानं प्रेशर मोजलं नाही, जोडून दिलं आणि गेला, मग ग्लास भरायला एवढा वेळ लागायचा की पोरं बटण दाबून कंटाळायची, बर्फाचे क्यूब अर्धवट आणि पोकळ. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आधी सांगितलं फिल्टर चोक झालाय नवीन घ्या, नवीन कार्ट्रिज, दोन आठवड्यांपूर्वीचं! शेवटी जवळचा एक प्लंबर आला, त्यानं पाचशे एमएलची बाटली लावून वेळ बघितला आणि म्हणाला, "ताई, फ्रिजला काही नाही झालेलं, तुमच्याकडे प्रेशरच नाहीये." एवढंच होतं.

मग म्हणाल की आरओचं पाणी फ्रिजला जोडू. जोडता येतं पण भिंतीवरचा नेहमीचा आरओ थेट जोडता येत नाही. त्याची सात-आठ लिटरची टाकी साधी असते, पाणी फक्त वरून खाली नळातून पडतं, त्यात प्रेशर नसतं. एकतर मधे छोटा बूस्टर पंप लागतो प्रेशर स्विचवाला, किंवा सिंकखालचा आरओ घ्यायचा ज्याच्यासोबत हवेच्या दाबाची बंद टाकी येते. आम्ही दुसरा प्रकार केला, सिंकखाली आरओ आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा), तिथून पाव इंची पाईप फ्रिजला. आणि फ्रिजच्या आतला फिल्टर काढून त्या जागी बायपास कॅप लावली, कारण आरओनंतर त्या कार्बनची गरज नव्हती आणि उगाच प्रेशर कमी होत होतं. कंपनीच्या माहितीपुस्तकातच लिहिलं होतं की आरओ जोडला असेल आणि प्रेशर कमी पडत असेल तर फिल्टर काढा. सगळ्या मॉडेलला कॅप मिळत नाही, काहींना लागतच नाही, फिल्टर काढला की आपोआप बायपास होतं, ते आधी बघा.

मुलुंडला उलट आहे. मुंबईचं महापालिकेचं पाणी मऊ असतं, टीडीएस इतका कमी की आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी गटारात सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मधे म्हटलंच होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको. भावाकडे लाइनवर आधी ५ मायक्रॉनचा साधा स्पन फिल्टर, जो पावसाळ्यात एका महिन्यात चहाच्या रंगाचा होतो, मग यूव्ही, आणि मग फ्रिज, आतल्या कार्बन फिल्टरसकट. मजला मधला आहे त्यामुळे प्रेशर आहे. तिथे हा फ्रिज जसा चालायला हवा तसा चालतो आणि पाण्याची चव खरंच सुंदर लागते. स्पन फिल्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो पुढे असला की महागडं कार्ट्रिज मातीनं लवकर चोक होत नाही. एवढा एक खर्च तरी कराच.

आता फिल्टर कधी बदलायचा. सगळे म्हणतात ६ महिने, दारावरचा दिवाही ६ महिन्यांनी लाल होतो. पण कार्ट्रिजवर लिटरची मर्यादा पण असते, बऱ्याच कार्ट्रिजची २०० ते ३०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० ते ११०० लिटर. हिशोब करा, चार माणसं, प्रत्येकी दोन लिटर, सगळं पिण्याचं पाणी फ्रिजमधूनच घेतलं तर दिवसाला ८ लिटर. ७५० लिटर तीन महिन्यांत संपले! आणि बऱ्याच मॉडेलमधे दिवा लिटर मोजत नाही, फक्त दिवस मोजतो. म्हणजे दिवा निळा आहे आणि आतलं कार्बन कधीच भरलंय असं होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे एकतर तीन-चार महिन्यांनी बदला किंवा वापर कमी ठेवा. वहिनी स्वयंपाकाला, चहाला, कुकरला यूव्हीच्या नळाचं पाणी घेते, फ्रिजचं फक्त प्यायला, त्यामुळे त्यांचं कार्ट्रिज साडेचार-पाच महिने नीट जातं. चवीत परत क्लोरीन जाणवायला लागलं किंवा धार बारीक झाली की दिव्याची वाट बघू नका.

खर्चाचा विचार आधीच करा. ओरिजिनल कार्ट्रिज आम्हाला दोन हजारांच्या वर पडलं. अमेरिकेत नणंद ४० ते ६० डॉलर देते. ऑनलाइन तेच पाचशे रुपयांत दिसतं आणि हात शिवशिवतो, पण नकली फिल्टरचा धंदा मोठा आहे, अमेरिकेत कस्टम्सनं असले साठे पकडलेत. दिसायला हुबेहूब, लोगोसकट, आत काय भरलंय कोणास ठाऊक. दुसऱ्या कंपनीचा स्वतःच्या नावानं विकलेला आणि एनएसएफचं सर्टिफिकेट असलेला फिल्टर वेगळा, तो चालतो. नाव ओरिजिनलचं आणि किंमत पाव, असा घेऊ नका. बसवताना सैल वाटला किंवा जास्त जोर लागला तर तिथेच थांबा. नणंदेच्या फ्रिजला तर कार्ट्रिजमधे चिपच आहे, दुसरं लावलं की पाणीच येत नाही.

बदलायला कोणाला बोलवायची गरज नाही, सर्व्हिसवाले नुसत्या व्हिजिटचे पैसे लावतात. आधी बर्फ बंद करायचा, खाली एक जुना पंचा पसरायचा, कार्ट्रिज डावीकडे पाव वळसा फिरवून ओढायचं, थोडं पाणी सांडतंच. नव्याचं झाकण काढायचं (हे विसरतात लोक), खाचेत बसवून उजवीकडे घट्ट होईपर्यंत फिरवायचं. मग १०-१२ लिटर पाणी दारातून काढून टाकायचं, सलग नाही, थांबून थांबून, अधेमधे हवा येऊन फटफट आवाज होतो आणि पहिल्या पाण्यात काळी भुकटी येते, ती कार्बनचीच, घाबरू नका. ते पाणी झाडांना घाला. नंतर बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की दिवा रिसेट होतो. पहिल्या दिवसाचा बर्फ फेकून द्यायचा. आणि कार्ट्रिजवर मार्करनं तारीख लिहायची, लाइट गेली आली की काही फ्रिजचं काउंटिंग गोंधळतं, त्यापेक्षा तारीख बरी.

बाकी देखभाल छोटी छोटी आहे पण केली नाही तर घाण होते. नॉझलच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर समजा. आठवड्याला एकदा स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसायचं, क्षार बसले असतील तर व्हिनेगर. खालचा ट्रे बहुतेक फ्रिजमधे कुठेही निचरा होत नाही, त्यात पाणी साचून राहतं, रोज पुसायचा, तिथे डास पण बसतात. सकाळचं पहिलं ग्लासभर पाणी रात्रभर नळीत साचलेलं असतं, ते आम्ही पीत नाही, कुंडीत जातं. बर्फाचं पण तसंच, डब्यात महिनाभर पडलेला बर्फ फ्रीजरमधले सगळे वास शोषतो. आमच्याकडे सासूबाईंचं सुकट असतं फ्रीजरमधे, हवाबंद स्टीलच्या डब्यात ठेवायला लागल्यापासून सरबताला वास येणं थांबलं. पंधरा दिवसांनी डबा रिकामा करून धुवा, नवा बर्फ होतोच. मागची किंवा खालची कॉइल वर्षातून एकदा तरी ब्रशनं साफ करा, धूळ बसली की कॉम्प्रेसर जास्त चालतो. त्यासाठी फ्रिज पुढे ओढता यायला हवा, म्हणून बसवतानाच मागे पाण्याचा पाईप दोन-तीन वेटोळी जास्तीचा ठेवायला सांगा, ताणून लावला तर फ्रिज ओढताना निघून येतो.

आणि फ्रिजसाठी वेगळा अँगल कॉक हवाच, हाताला सहज लागेल असा. गणपतीला गावाला जाताना आम्ही तो बंद करून जातो, बर्फ बंद, डबा रिकामा. बंद घरात पाईप सुटला तर खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पाणी जातं. आल्यावर परत आठ-दहा लिटर पाणी सोडून द्यायचं आणि मगच प्यायचं.

उन्हाळ्याबद्दल एक. आतली गार पाण्याची टाकी लिटर दीड लिटरची असते, त्यामुळे चार-पाच ग्लास झाले की पुढचं पाणी साधं येतं. पाहुणे आले, हळदीकुंकू असलं तर बाटल्या भरून ठेवाव्याच लागतात. पण रोजच्या वापराला सोय खूप आहे, हे मनापासून सांगते. बाबांना पार्किन्सन्स आहे, जड बाटली उचलून ओतणं जमत नाही, ग्लास टेकवला की पाणी येतं, ते आपलं आपण पाणी पितात. मुलं स्वतः घेतात. दार सारखं उघडलं जात नाही. या एका कारणासाठी मी परत असाच फ्रिज घेईन.

भाड्याच्या घरात राहत असाल किंवा बारा महिने टँकरवर असाल तर मात्र पाईपवाला घेऊ नका. हातानं भरायची चार-पाच लिटरची टाकी आत असलेले मॉडेल येतात, त्यात आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी भरा, टाकी आठवड्याला धुवा, प्रेशर नको, प्लंबर नको. बऱ्याच जणांना तेच पुरेल.

आणि पाईपवालाच घ्यायचा असेल तर पैसे भरण्याआधी त्या मॉडेलच्या कार्ट्रिजचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि शोरूमला न विचारता थेट स्पेअर पार्टवाल्याला फोन लावा, स्टॉकमधे आहे का, किती दिवसांत येतं, किंमत काय. भावाला जुनं मॉडेल डिस्काउंटमधे देत होते, त्याचं कार्ट्रिज मागवायला महिना लागेल असं स्पेअरवाल्यानं सांगितलं, म्हणून त्यानं ते सोडून सहा हजार जास्त देऊन दुसरं घेतलं.